दिघीहून रेवदंड्याला, सुरगाठीच्या भरवशावर

माझ्या भावाच्या चौलच्या घरात पुढच्या दाराशी खिळ्याला एक कात्री टांगलेली असते. नव्या माणसाला वाटतं, शिवणकामाची असेल. ती दादाच्या गाठी कापण्यासाठी आहे. वाडीचं फाटक, रद्दीचे गठ्ठे, कपडे वाळत घालायची दोरी, जिथे म्हणून दोरी लागते तिथे दादा गाठ मारतो आणि ती गाठ मग जन्मात सुटत नाही. आमचे वडील गड्यांनी बांधलेल्या सुपारीच्या घडांची प्रत्येक गाठ स्वतः ओढून बघत. त्यांचं ते वेड दादात पुरेपूर उतरलं. ती कात्रीही खिळ्याला त्यानेच बांधली आहे, त्यामुळे ती खाली काढता येत नाही. वहिनी गठ्ठाच उचलून कात्रीपाशी नेते.

हे आधी सांगून टाकलं, कारण गेल्या फेब्रुवारीत मी दादाबरोबर दिघीहून रेवदंड्यापर्यंत शिडाच्या होडीतून जो प्रवास केला, तो सगळा ह्या गाठींचाच प्रवास होता. मी पेणला मुलींच्या शाळेत तीस वर्षं शिवण शिकवलं. समुद्राशी माझा संबंध पाय भिजवण्यापुरता. तरी मी गेले, कारण मला साक्षीदार म्हणून नेमलं होतं.

दादा सहासष्ट वर्षांचा आहे. कारखान्यातून निवृत्त झाल्यावर लोक तीर्थयात्रा करतात, ह्याने मांडव्याकडे जाऊन दोन आठवडे शीड चालवायला शिकून घेतलं आणि एक जुनी अठरा फुटी होडी विकत घेतली. नाव ठेवलं टिटवी. एक डोलकाठी, एक मोठं शीड, पुढे एक लहान. डिसेंबरात तो एकटाच तिच्यातून दक्षिणेला गेला. वारा वाढला, त्याने शीड आखूड केलं, आणि होडी घराकडे वळायलाच तयार होईना. शेवटी एका मच्छीमार लाँचने तिला दोर लावून दिघीला ओढून नेलं. इकडे वहिनी रेवदंड्याच्या बंदरावर दिवेलागणीपर्यंत फोन हातात धरून उभी होती, आणि फोनला रेंज नव्हती.

वहिनी भांडली नाही. तिने आठ दिवसांत अलिबागचं एक गिऱ्हाईक शोधलं. दादा फार गयावया करायला लागला तेव्हा तिने अट घातली. टिटवी शिडावर घरी आणायची. वाटेत कोणी ओढून आणावी लागली, तर ती अलिबागला जाईल.

"आणि वन्सं बरोबर जातील," ती म्हणाली. "तुमच्या सांगण्यावर माझा भरवसा नाही. वन्सं, तुम्ही फक्त आल्यावर खरं काय ते सांगा."

मी हो म्हटलं. दादा माझ्याकडे असा बघायला लागला, जणू मी उलटतपासणीचा वकील आहे.

बोर्ली पंचतन

जाताना आम्ही तिघं गाडीने गेलो. आगरदांड्याला गाडी जंगारवर, म्हणजे गाड्या नेणाऱ्या बोटीवर, चढवली की खाडी ओलांडायला चहा पिण्याइतकाच वेळ लागतो. वहिनी काठड्याला टेकून म्हणाली, "हे बघा, किती सोपं असतं पाणी ओलांडणं." दादाने ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

वहिनीचं माहेर बोर्लीला. तिच्या भावाने संध्याकाळी आमच्यासाठी पोपटी लावली होती. मडक्यात तळाशी आणि वर भांबुर्ड्याचा पाला, मध्ये वालाच्या शेंगा, बटाटे, कोनफळ, आणि सगळं उपडं घालून भोवती जाळ. आमच्याकडे पेणलाही पोपटी होते, पण तिथे हल्ली मसाल्याचा इतका मारा करतात की शेंग कुठली आणि पाला कुठला ते कळत नाही. इथे नुसता ओवा आणि जाडं मीठ. शेंग दातांनी ओढली की वाल जिभेवर विरघळत होते. मी किती खाल्ल्या ते मोजलं नाही.

जेवताना दादाने वारा समजावून सांगितला. भूगोलाच्या पुस्तकात आपण खारे वारे आणि मतलई वारे पाठ करतो आणि विसरतो. इथली माणसं त्यांच्यावरच दिवस मांडतात. सकाळी जमिनीवरून समुद्राकडे मतलई वाहतो, तो मऊ आणि आपल्या बाजूचा. दुपारी समुद्रावरून खारा वारा येतो, तो वायव्येकडून, म्हणजे घराकडे जाणाऱ्याच्या बरोबर तोंडावर. शिडाची होडी वाऱ्याच्या तोंडावर सरळ जात नाही, तिरकी तिरकी चढत जाते. वारा फार झाला की शीड थोडं खाली उतरवून आखूड करायचं. वाढत्या मुलीच्या झग्याला आपण खाली दुमड घालतो, तसंच. ह्याला शीड रीफ करणं म्हणतात.

"आणि तिथेच ह्यांचं घोडं अडतं," वहिनी म्हणाली.

"नेमकं काय अडतं तेच कळत नाही ना," दादा म्हणाला. तो खरोखरच हवालदिल होता. "पुस्तकात दिलंय तसंच करतो. शीड लहान होतं, पण होडी पुढे जायच्याऐवजी बाजूला सरकते."

दिघी ते राजपुरी

सकाळी सहाला निघायचं ठरलं होतं, निघालो अकराला. मधल्या पाच तासांत दादा वस्तू बांधत होता. पाण्याचे डबे बांधले, माझी शिवणाची पेटी बांधली, डब्याच्या पिशवीचे बंदसुद्धा बांधले, म्हणजे भूक लागली तर पिशवी फाडावी लागली असती. अशा रीतीने मतलई वाऱ्याचा सगळा फायदा गाठींत गेला.

तरी पहिला अर्धा तास मला विलक्षण आवडला. इंजिन नाही, घरघर नाही. पाणी फळीला घासून जातं तेवढाच आवाज. समोर डाव्या हाताला जंजिरा पाण्यातून वर आलेला, पलीकडे राजपुरीची घरं. मी दादाला म्हटलं, "हे तू एकटाच भोगत होतास होय?" तो इतका खूश झाला की सुकाणू सोडून हसायला लागला.

मग खारा वारा आला. पाण्यावर काळसर पट्टे धावत आले, होडी एका अंगावर कलली आणि माझी चप्पल खाडीत गेली. दादाने मला सुकाणू धरायला सांगितलं आणि शीड हातभर खाली घेतलं. शिडाला मधोमध आडव्या ओळीत चार बारीक दोऱ्या असतात. खाली उतरलेलं कापड गोळा करून त्या दोऱ्यांनी खालच्या आडव्या दांडीला बांधायचं. दादाने गुडघा टेकवला आणि सुपारीच्या घडाला मारतात तशा चार गाठी मारल्या.

मला होडीतलं कळत नाही, कापडातलं कळतं. त्या चारही दोऱ्यांपासून शिडावर चार तिरक्या सुरकुत्या निघाल्या होत्या, आणि मध्ये शिडाला पिशवीसारखा झोळ आला होता.

"दादा, ह्याला ओढ बसलीय," मी म्हटलं. "बाही चुकीची बसली की अशीच बसते. सुरकुती जिथून निघते, चूक तिथे असते."

"बेबी, हे पोलकं नाही," तो म्हणाला. मी एकोणसाठ वर्षांची आहे, पण दादासाठी बेबीच.

नाळ, म्हणजे होडीचं पुढचं टोक, राजपुरीकडे आणि आम्ही निघालो खाडीच्या आत. जंजिरा मागे मागे पडत गेला. सुकाणू असं खेचत होतं की माझे दंड भरून आले. मग चर्र आवाज झाला. एका दोरीपाशी शीड बोटभर उसवलं. आणि दहा मिनिटांनी टिटवी तिवरांच्या बाजूला चिखलात अलगद जाऊन बसली.

तिथे आम्हाला दाऊदभाई भेटले. राजपुरीहून जंजिरा बघायला येणाऱ्यांना शिडाच्या होडीतून नेण्यात त्यांचं आयुष्य गेलं. आता गुडघे धरतात म्हणून ते काम धाकट्यांकडे दिलंय. लहान मोटरहोडीतून जाताना त्यांनी आमची दशा बघितली आणि जवळ आले. बारीक अंग, पांढरी दाढी, आणि हातात आधीच दोराचं वेटोळं.

"दोर घ्या," ते म्हणाले.

"नको, नको," दादा घाईने म्हणाला. "भरती आली की निघू आम्ही."

"भरतीला टाइम हाय, भाऊ. तवर वारा तुम्हाला आजून आत घालील. मंग उद्याच निघाल."

दादाने माझ्याकडे बघितलं. मी किल्ल्याकडे बघितलं. साक्षीदाराने सल्ला द्यायचा नसतो. शेवटी त्याने दोर घेतला. दाऊदभाईंनी आम्हाला वीसेक हात ओढून खोल पाण्यात आणलं, आणि आणल्याबरोबर दादाने दोर टाकून दिला आणि वल्ही हातात घेतली. राजपुरीपर्यंत तो वल्हवत गेला. हाताला फोड आले तरी थांबेना.

"बेबी, हे तू तिला सांगणार?" त्याने किनाऱ्याला लागताना विचारलं.

"सांगणार."

मला फार वाईट वाटलं, पण मी शब्द देऊन बसले होते.

राजपुरी

दुसऱ्या दिवशी निघालो नाही. सकाळी ओहोटीला टिटवी वाळूवर बसली होती आणि मी शीड मांडीवर घेऊन उसवलेल्या जागी आतून ठिगळ लावत होते. दाऊदभाई येऊन उकिडवे बसले. टाके बघत राहिले.

"ताई, टाका बारीक हाय तुमचा," ते म्हणाले. "पण ठिगळ लावून काय, परत तिथंच फाटंल. भाऊ, जरा शीड चढवून दाखवा. काल केलात तसंच करा."

वारा नव्हता. दादाने शीड चढवलं, आखूड केलं, चार गाठी मारल्या. दाऊदभाईंनी चारही गाठींवरून बोट फिरवलं आणि मान हलवली.

"आमच्या शिडाला ह्या असल्या दोऱ्या नसतात. पण कापड ते कापड, वारा तो वारा. ह्या मधल्या चार दोऱ्या हायत ना भाऊ, ह्या मेहमान. मेहमानाला कुणी कामाला लावतं काय?"

दादाला कळलं नाही. मलाही.

"जोर दोन टोकांनी घ्यायचा," ते म्हणाले. त्यांनी उठून दादाच्या चारही गाठी सोडवायला घेतल्या. नखं लावली, दात लावले. शेवटी माझ्या पेटीतली सुई लागली. मग त्यांनी शिडाचं पुढचं टोक डोलकाठीपाशी आकड्यात अडकवलं आणि वर चढवायची दोरी घट्ट ताणली, इतकी की काठीलगत एक उभी सुरकुती दिसली. "आधी पुढचं." मग मागचं टोक. तिथली दोरी दांडीच्या शेवटाकडे अशी खेचली की शिडाची खालची कड पाटासारखी सपाट झाली. "मंग मागचं. आता बघा, काम संपलं. जो जोर हाय तो दोन टोकांवर हाय. उरलेलं कापड आता झोपवायचं, न मेहमानांना म्हणायचं, बसा."

त्यांनी चार दोऱ्या त्या गुंडाळलेल्या कापडाभोवती सैलसर घेतल्या, इतक्या सैल की आत दोन बोटं जावीत.

मी शिडाकडे बघतच राहिले. एक तिरकी सुरकुती नाही. मुली पहिल्यांदा बाही नीट बसवायच्या तेव्हा मला जो आनंद व्हायचा, तोच झाला. दादा सबंध जोर त्या बिचाऱ्या बारीक दोऱ्यांवर देत होता. मागचं टोक ढिलं, म्हणून शिडाला झोळ. झोळ, म्हणून होडी बाजूला. फाटलं तेही म्हणूनच.

"पोलकंच आहे," दादा हळूच म्हणाला. मी मोठेपणाने सुई पेटीत ठेवली.

"न ही गाठ," दाऊदभाईंनी वाळूतून दादाच्या दोरीचा तुकडा उचलला. "ही निरगाठ. वारा पडला, परत शीड मोठं करायचं झालं, तर ही सोडणार कोण? सुरगाठ मारा. एक टोक ओढलं की सुटली पायजे."

"आणि आपोआप सुटली तर?" दादाने विचारलं. हा प्रश्न त्याचा नव्हता, आमच्या वडिलांचा होता.

"सुटली तर सुटली. जोर तिच्यावर हाय कुठं?"

दादा बराच वेळ त्या तुकड्याकडे बघत बसला. सहासष्ट वर्षांच्या माणसाला एवढं वाटावं असं त्यात काय होतं, ते बाहेरच्याला कळणार नाही. आमच्या घरात गाठ सुटणं म्हणजे नुकसान, असंच आम्ही ऐकत मोठे झालो. सुटण्यासाठी बांधायची गाठ त्याला कोणी शिकवलीच नव्हती.

दुपारभर तो वाळूवर बसून सुरगाठी मारत होता आणि सोडत होता. हात ऐकत नव्हता, शेवटच्या क्षणी निरगाठच पडायची. दाऊदभाईंच्या बायकोने, हमीदाबींनी, तांदळाच्या रोट्या आणि नारळाचं गोड दूध पाठवलं. आमच्याकडे हेच दूध गूळ आणि वेलची घालून शिरवळ्यांबरोबर, म्हणजे तांदळाच्या शेवयांबरोबर, खातात. मी त्यांना तसं सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "मंग तुमची न आमची चूल एकच की, ताई. फक्त साचा वेगळा." मी शिरवळ्यांची कृती दिली, त्यांनी मला रोटी न चिरता थापायची युक्ती दाखवली. घरी येऊन केली, जमली नाही.

निघताना दाऊदभाईंना दादाने वाकून नमस्कार केला. ते संकोचले. "दर्या शिकवतो, आपण कोण," असं काहीसं पुटपुटले आणि आमची होडी पाण्यात ढकलायला गुडघे विसरून पुढे झाले.

एकदरा

मुरूडच्या अलीकडे एकदऱ्याच्या कोळीवाड्यात एक रात्र काढली. तिथवर मतलई वाऱ्यानेच आलो, शीड आखूड करायची वेळ आली नाही. बंदरावर बोंबील वाळत घातलेले, दुतर्फा काठ्यांवर ओळीच्या ओळी. एका कोळणीने आम्हाला न्याहाळलं. "काय गो बाय, या वयात असा होरीन फिरताव? घरा कोन हाय का न्हाय?" तिने चहा दिला, आणि दादाला ताटलीत काहीतरी भाजलेलं दिलं. आमच्या घरी मासे चालत नाहीत. दादाने पाठ फिरवून खाल्लं. वहिनीला खरं सांगायची अट फक्त होडीपुरती आहे, असं आमचं तिथे ठरलं. ही गोष्ट छापली गेली तर माझा नाइलाज आहे.

कोर्लई

शेवटच्या दिवशी उजाडता निघालो. दादाने फक्त पाण्याचा डबा बांधला, तोही सुरगाठीने. मतलई वारा भरपूर होता. नांदगावच्या माडांची रांग, मग काशीदची पांढरी वाळू, उजव्या हाताला एक एक गाव येत होतं आणि मागे जात होतं. रस्त्याने ही गावं कितीदा ओलांडलीत, पण रस्त्यावरून गावाची पाठ दिसते. समुद्रावरून त्यांचं तोंड दिसतं. देवळाचा कळस, मशिदीचा मिनार, ओढून ठेवलेल्या होड्या, अंगणात झाडू मारणारी बाई. दादा म्हणाला, "मला ह्याच्यासाठी ही बोट हवी आहे, बेबी. दुसरं काही नाही." चिखलातला तो दोर माझ्याही डोळ्यांपुढे होता.

कोर्लईचा डोंगर समुद्रात लांब शिरलेला आहे. माथ्यावर किल्ला, बाहेरच्या अंगाला दीपगृह. त्याच्या बाहेरून वळसा घालून आत शिरलं की रेवदंड्याची खाडी, म्हणजे घर. आम्ही दीपगृहाच्या जरा अलीकडे होतो, आणि अजून बारा वाजले नव्हते, तेव्हा खारा वारा आला. वेळेआधी आणि एकदम.

आता जागा लक्षात घ्या. वारा डावीकडून, समोरून. उजवीकडे कोर्लईचे खडक, त्यांच्यावर पांढरी फुटणारी लाट. राजपुरीला होडी बाजूला सरकली तर चिखल होता. इथे चिखल नव्हता.

दादाने सुकाणू माझ्या हातात दिलं. "नाळ वाऱ्याच्या तोंडावर धर. शीड फडफडेल, घाबरू नको." मी घाबरले होते, पण धरलं. त्याने शीड खाली घेतलं, पुढचं टोक आकड्यात अडकवलं, वरची दोरी ताणली. इथवर सगळं बरोबर. मग होडीने एक हिसका दिला, सुटं कापड त्याच्या तोंडावर आलं, आणि त्याचा हात आपोआप मधल्या दोरीकडे गेला. त्याने गुडघा टेकवला आणि गाठ मारली. तीच, वडिलांची.

शिडावर तिरकी सुरकुती उमटली.

"दादा, ओढ बसतेय," मी ओरडले.

"थांब, आधी हे आवरू दे." त्याने दुसरी दोरी हातात घेतली.

दीपगृहाच्या खिडकीचे गज मला दिसायला लागले होते. मघाशी खिडकीच दिसत नव्हती. मला होडीतलं काही येत नाही, पण एवढं कळलं की दुसरी गाठ बसली तर आज आम्हाला ओढून न्यायलाही कोणी वेळेवर पोचणार नाही.

"दादा, मेहमान!"

तो थांबला. स्वतःच्या हातांकडे बघितलं, जणू ते दुसऱ्या कोणाचे आहेत. मग पहिली गाठ सोडायला गेला. ओली दोरी, वर शिडाचा ताण. नख शिरेना. मी सुकाणू सोडू शकत नव्हते. पायाने शिवणाची पेटी त्याच्याकडे सरकवली.

"कात्री घे."

त्याने गाठ कापली. मला खात्री आहे, आयुष्यात पहिल्यांदा त्याने स्वतःची गाठ स्वतः कापली. मग मागच्या टोकाची दोरी दोन्ही हातांनी धरली, पाय फळीला टेकवले आणि सगळं अंग मागे टाकलं. सुरकुती पुसली गेली. शिडाची कड पाटासारखी झाली.

"आता नाळ जराशी उजवीकडे पाड. जराशीच."

पाडली. शीड भरलं. होडी कलली, पण ह्या वेळी सुकाणू माझ्या हातात मऊ होतं, दोन बोटांनी धरावं असं. आणि टिटवी निघाली. दीपगृह मोठं व्हायचं थांबलं, मग हळूहळू मागे सरकायला लागलं. खडकांवर काही बायका कालवं काढत होत्या. त्यातली एक आमच्याकडे बघून त्यांच्या कोर्लईच्या बोलीत काही म्हणाली. पोर्तुगीज गेले तरी ती बोली ह्या एका गावाने जपली आहे. मला शब्दही कळला नाही, पण तिने हात वर केला होता, म्हणून मीही केला.

दादाने उरलेलं कापड झोपवलं. तीन दोऱ्या होत्या, चौथीचा तुकडा लोंबत होता. त्याने तीन सुरगाठी मारल्या, सावकाश, जीभ दातांत धरून. मग माझ्या शेजारी येऊन बसला. सुकाणू मागितलं नाही.

"मेहमानाला कामाला लावलंस," मी म्हटलं. त्याचे डोळे भरून आले होते. खाऱ्या पाण्याने आलेत, असं तो म्हणाला.

रेवदंडा

वहिनी बंदरावर उभी होती, डिसेंबरात होती तिथेच. आम्ही किल्ल्याच्या तटाच्या आडून आत येताना तिने फोन पिशवीत टाकलेला मी पाहिला. टिटवी धक्क्याला लागली. दादाने काही बोलायच्या आत ती माझ्याकडे वळली.

"वन्सं?"

"राजपुरीला चिखलात बसलो," मी म्हटलं. "तिथून एकांनी दोर लावून ओढलं. वीसेक हात. पुढे हा वल्हवत गेला. बाकी सगळं शिडावर."

दादा खाली बघत होता. माझा जीव तुटत होता, पण जे होतं ते हेच होतं.

"आणि आज?"

"आज कोर्लईपाशी वाईट वेळ आली होती. निभावली."

वहिनीने साडीचा पदर खोचला आणि होडीत उतरली. ह्याआधी ती कधी उतरली नव्हती. तिने आखूड केलेलं शीड बघितलं, दोरीचा लोंबता तुकडा हातात घेतला, त्याचं कापलेलं टोक अंगठ्याने चाचपलं.

"कात्री," ती म्हणाली. तो कट ती अंधारातही ओळखेल.

"कात्री," दादा म्हणाला. "मीच कापली."

तिने त्याच्याकडे बघितलं. मग शेजारच्या दोरीचं टोक धरलं, सवयीने दुसरा हात आधाराला लावला आणि ओढलं. गाठ सुटली. इतकी सहज की तिचा तोल गेला. तिने दुसरी ओढली, सुटली. तिसरीही सुटली, आणि झोपवलेलं कापड उलगडून तिच्या पायांवर आलं.

"परत बांधा बघू," ती म्हणाली.

दादाने बांधली. तिने ओढली. सुटली.

"परत."

बंदरावरचे दोघं-तिघं जाळी विणायचं थांबवून बघायला लागले. मला भूक लागली होती आणि एका पायात चप्पल नव्हती, पण मी हलले नाही. दादाने चौथ्यांदा गाठ मारली आणि ती धरूनच विचारलं, "त्या अलिबागच्या गिऱ्हाइकाला काय कळवू?"

वहिनीने टोक ओढलं.

"कळवा," ती म्हणाली, "बोट कामात आहे."